दगडाची पत

पुस्तक आवडले नाही तर ते मिटून ठेवण्याची मुभा वाचकाला असते. नाटक रुचले नाही तर प्रेक्षक मध्यंतरात उठून घरी जाऊ शकतो. इमारतीच्या बाबतीत अशी सोय नाही. ती रस्त्यावर उभी असते, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असो वा नसो, ती पाहावीच लागते. असे असूनही आमच्याकडे ग्रंथांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, गाण्याच्या बैठकींचीही होतात; इमारतींची मात्र क्वचित. झालीच तर ती देवळांची नि किल्ल्यांची. ज्या वास्तूत सामान्य माणूस आपली शिल्लक ठेवावयास जातो, तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहण्याची आपणांस सवय नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वास्तूचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ती आहे इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात, कॅसल स्ट्रीट या रस्त्यावर. बँक ऑफ इंग्लंडने आपल्या लिव्हरपूल शाखेसाठी ती १८४५ ते १८४८ या काळात बांधून घेतली. तिचा वास्तुविशारद चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल.

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त लिव्हरपुलास असतो. त्याच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा वकिलाच्या खोडीप्रमाणे आम्ही पहिल्याच दिवशी तेथील न्यायालय गाठले. डर्बी स्क्वेअरमधील हे न्यायालय १९८४ साली उघडले. त्याच्या रूपाविषयी मौन बाळगणे हेच व्यवसायबंधुत्वाला धरून होईल. तेथून बाहेर पडले की कॅसल स्ट्रीट लागतो. जेमतेम तीन-चारशे पावलांचा हा रस्ता. दक्षिण टोकाला, जेथे एके काळी किल्ला होता तेथे, आता व्हिक्टोरिया राणीचे स्मारक आहे. उत्तर टोकाला अठराव्या शतकातील घुमटाचे नगरभवन. एवढ्याशा अंतरात आणि त्याला लागलेल्या दोन-चार गल्ल्यांत सव्वाशेहून अधिक वर्षांची इंग्रजी बँकबांधणी दाटीवाटीने उभी आहे.

इंग्लंडात प्रत्येक लहानमोठ्या गावाला एक 'हाय स्ट्रीट' असतो. हाय म्हणजे उंच नव्हे, मुख्य. आपल्याकडे जशी पेठ, तसा तो रस्ता: वाणी, खाटीक, औषधवाला, पोस्ट, गुत्ता, आणि कोपऱ्यावर, सर्वांत चांगल्या दगडाची, बँक. लिव्हरपुलात हाय स्ट्रीट याच नावाची एक आखूड वाट नगरभवनाच्या बाजूने जाते. परंतु नाव तिच्याकडे राहिले नि मान कॅसल स्ट्रीटकडे गेला. कर्त्या धाकट्या भावाच्या घरात थोरला भाऊ नावापुरता वडील असावा, तसा हा प्रकार आहे.

कॉकरेलची इमारत प्रथम पाहताना आम्ही काहीसे फसलो, हे कबूल केले पाहिजे. ती आम्हांस प्रचंड वाटली. रस्ता ओलांडून गाळे मोजले, तेव्हा दर्शनी भाग केवळ तीन गाळ्यांचा आहे, असे ध्यानात आले. आजूबाजूच्या कित्येक कचेऱ्या तिच्याहून रुंद आहेत. तरीही त्या तिच्या शेजारी किरकोळ दिसतात. असे का व्हावे, याचा उलगडा करण्यात आमची अर्धी सकाळ गेली.

सामान्य बांधणारा लहान जागेत लहान अवयव बसवितो. खिडक्या आखूड, खांब बारीक, नक्षी नाजूक. परिणामी वास्तू आहे तेवढीही वाटत नाही. कॉकरेलने उलटे केले. त्याने अवयव थोडे घेतले आणि ते अवाढव्य घेतले. डोरिक घाटाचे जाडजूड खांब एका मजल्यावर न थांबता थेट वर चढतात; ते भिंतीपासून सुटे नाहीत, भिंतीतून अर्धे बाहेर आलेले आहेत, जणू भार पेलता पेलता ते मागल्या दगडात रुतले आहेत. त्यांच्या माथ्यावर जड, ठसठशीत तुळईचा पट्टा. आणि त्याच्याही वर, जेथे ग्रीक देवळाचा निमुळता त्रिकोण यावयाचा, तेथे त्याने त्या त्रिकोणाचा तळच फोडून त्यात एक कमानदार खिडकी घुसविली आहे.

ग्रीक त्रिकोणात रोमन कमान! शुद्धिवाद्यांच्या दृष्टीने हा व्याकरणदोषच होय. पण हा दोष अडाण्याचा नव्हे. कॉकरेल १८१० साली तरुणपणी घरातून निघाला तो सात वर्षे ग्रीस, तुर्कस्तान नि इटली पालथी घालीत होता. १८११ साली इजायना बेटावरील देवळाची शिल्पे उकरून काढणाऱ्या मंडळींत तो होता. ती शिल्पे पुढे म्युनिकला गेली. बासे येथील अपोलोच्या देवळाची शिल्पपट्टी त्याच मंडळींनी शोधली; ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. (पराक्रम म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टींकडे ज्यांच्या देशातून शिल्पे गेली त्यांनी कसे पाहावे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो आम्हां हिंदी लोकांस समजावून सांगावा लागत नाही.) सांगावयाचे ते इतकेच, की ग्रीक देवळाचा एकेक सांधा ज्याने स्वतःच्या हातांनी मोजला होता, असा हा मनुष्य होता. पाणिनी पाठ असलेल्या पंडिताने जाणूनबुजून अपाणिनीय प्रयोग करावा, तशी ही कमान आहे. नुसते देऊळ उभारले असते तर ती नक्कल ठरती. त्रिकोण फोडल्यामुळे खालचा सारा भार वर येऊन क्षणभर मोकळा श्वास घेतो, असे वाटते. मात्र अगदी माथ्याशी थोडी दाटी झाली आहे; कमान, तिच्या बाजूंचे अवयव आणि वरचा उतार यांना आणखी हातभर उंची मिळती तर बरे झाले असते.

कॉकरेलच्या घराण्याचा हिंदुस्थानशी जुना संबंध होता. त्याचा बाप सॅम्युएल पेपिस कॉकरेल हाही वास्तुविशारदच. तो ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक होता. कंपनीच्या चाकरीत धनवान होऊन परतलेल्या आपल्या भावासाठी त्याने ग्लॉस्टरशायर परगण्यात सेझिनकोट नावाचा वाडा बांधला. इंग्लंडच्या हिरव्या टेकडीवर मोगली घुमट नि छज्जे! मुलाने बापाची ती हौस उचलली नाही. १८३३ साली जॉन सोनच्या मागून तो बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला, आणि मँचेस्टर, ब्रिस्टल व लिव्हरपूल येथील तीन शाखा त्याने एकापाठोपाठ उभारल्या. लिव्हरपूलची शाखा पुरी झाली त्याच १८४८ साली ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचे राजसुवर्णपदक सुरू झाले, आणि ते पहिले पदक त्यालाच मिळाले.

कुक स्ट्रीटच्या बाजूने ही इमारत अवश्य पाहावी. तीन गाळ्यांच्या तोंडामागे सात गाळ्यांची लांबी आहे. पुष्कळ बँका दर्शनी भागावर सारा खर्च करतात नि बाजूची भिंत साध्या विटांवर सोडून देतात. कोटाला पुढून रेशीम नि पाठीमागून मांजरपाट लावावे त्याप्रमाणे. येथे तसे नाही. समोरून जे बोलले आहे तेच बाजूने, किंचित खालच्या आवाजात, निभावून नेले आहे.

येथवर डोळ्यांनी पाहिले. आता वकिलाच्या मनात येणारा प्रश्न विचारतो. पैसे ठेवण्याच्या जागेला हे एवढे खांब हवेत कशाला? आपल्याकडील सावकाराच्या पेढीला कधी खांब लागले नाहीत. गादी, तक्या, चोपड्या आणि घराण्याचे नाव एवढ्यावर काशीची हुंडी पुण्यात वटत असे. इंग्लंडातही आरंभी असेच होते, आणि त्याचा पुरावा कॅसल स्ट्रीटपासून हाकेच्या अंतरावर ब्रनस्विक स्ट्रीटमध्ये उभा आहे. हेवुड घराण्याची पेढी ती. १८०० च्या सुमारास बांधलेली ही वास्तू बँक म्हणूनच बांधलेली असली तरी तिला लागूनच घरधन्याचे राहते घर होते, आणि दोहोंचा थाट एका खाऊनपिऊन सुखी गृहस्थाच्या घराहून अधिक नाही.

हा साधेपणा स्वभावातून आला असे समजण्याची चूक आम्ही करणार नाही. तो कायद्यातून आला. १७०८ सालच्या कायद्याने इंग्लंडात बँक ऑफ इंग्लंडखेरीज कोणत्याही बँकेत सहापेक्षा अधिक भागीदार असण्यास मनाई होती. त्या सहाजणांची जबाबदारी अमर्याद होती. पेढी बुडाली तर घर, शेत, घोडागाडी, अंगठी, सारे काही धनकोंचे. ठेवीदाराला भिंतीकडे पाहण्याचे कारणच नव्हते. तो मालकाकडे पाही, मालकाच्या घराकडे पाही, रविवारी चर्चमध्ये तो येतो की नाही हे पाही. घर हेच तारण होते. त्याला शोभेची गरज नव्हती. (हेवुडांचे तारण कशाचे होते, याचा विचार पुढे येईल.)

१८२५ च्या डिसेंबरात मोठी आर्थिक घबराट झाली आणि देशभरच्या कित्येक पेढ्या कोलमडल्या. सरकारने १८२६ साली कायदा करून लंडनपासून पासष्ट मैलांपलीकडे भागभांडवलाच्या बँका काढण्यास परवानगी दिली, आणि त्याच कायद्याने बँक ऑफ इंग्लंडला परगावी शाखा उघडण्याचा मार्ग मोकळा केला. लिव्हरपूलची शाखा १८२७ साली निघाली. आता भागीदार सहा राहिले नाहीत, शेकडो झाले. शेकडो भागीदारांचा चेहरा कोणता? तो ठेवीदाराला कोठे दिसावा? आमच्या मते बँकेच्या दर्शनी भागाचा जन्म या प्रश्नातून झाला. मालकाचा चेहरा नाहीसा झाला, तेव्हा इमारतीला चेहरा द्यावा लागला.

हा चेहरा खरे बोलतोच असे नाही. कॉकरेलचे दगड चढत असतानाच, १८४७ च्या ऑक्टोबरात, रॉयल बँक ऑफ लिव्हरपूलने दारे लावून घेतली. जवळच डेल स्ट्रीटवर तिची दहाएक वर्षांपूर्वी बांधलेली घवघवीत इमारत होती. खांब होते, नक्षी होती, नावात राजेपणही होते, पैसा नव्हता. बँक पुढे कशीबशी सावरली आणि १८६७ साली कायमची बुडाली. त्याच १८४७ च्या ऑक्टोबरात संकट इतके वाढले की १८४४ च्या बँकविषयक कायद्याने नोटांवर घातलेली मर्यादा ओलांडण्याची मुभा सरकारला पत्र लिहून द्यावी लागली. कॅसल स्ट्रीटवर पराती बांधलेल्या असताना रस्त्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मनःस्थितीची कल्पना करावी. एकीकडे बंद दार, दुसरीकडे चढणारी भिंत.

कॉकरेलच्या कामाचे मर्म येथे आहे, असे आम्हांस वाटते. त्या रस्त्यावरील इतर सर्व बँकांना पत मागावयाची होती. बँक ऑफ इंग्लंडला ती मागावयाची नव्हती. तिच्या नोटेला १८३३ च्या कायद्याने चलनाचे स्थान दिलेलेच होते. म्हणून ही इमारत आर्जव करीत नाही. तिच्यावर समृद्धीच्या देवता नाहीत, फळांनी ओसंडणारी शिंगे नाहीत, व्यापाराला हात देणारी ब्रिटानिया नाही. तिच्या भिंतीवर जे आहे ते भिंतीच्याच कामाचे आहे. न्यायालयात दोन प्रकारचे साक्षीदार भेटतात. एक शपथा वाहतो, छातीवर हात ठेवतो, मुलांच्या आणाभाका घेतो. दुसरा विचारले तेवढे सांगून उतरतो. दुसऱ्याची उलटतपासणी करणे किती कठीण असते, हे वकीलबंधूंस सांगणे नलगे.

पहिल्या प्रकारच्या साक्षीदारासाठी रस्ता ओलांडून ब्रनस्विक स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जावे. ॲडेल्फी बँकेची ही इमारत १८९१-९२ मधली. वास्तुविशारद डब्ल्यू. डी. कॅरो. त्याचा बाप लिव्हरपुलात डेन्मार्कचा वकील होता; म्हणूनच की काय, इमारतीवर उत्तर युरोपीय धाटणीचे तांब्याचे कांद्याकार घुमट आहेत. दगडाचे लाल-पांढरे पट्टे, कोनाडे, कंगोरे, यांची रेलचेल आहे. आणि तिचे कांस्याचे दार! ॲडेल्फी म्हणजे ग्रीक भाषेत भाऊ. तो धागा धरून टॉमस स्टर्लिंग ली या शिल्पकाराने दारावर जिवलग जोड्या कोरल्या आहेत: कॅस्टर नि पोलक्स, डेव्हिड नि जोनाथन, अकिलीस नि पॅट्रोक्लस, रोलां नि ऑलिव्हर. दार अत्यंत सुंदर आहे. आमच्या मते साऱ्या रस्त्यावर हातांनी केलेली एवढी चांगली वस्तू दुसरी नाही. तथापि या चार जोड्यांत जिवावर उदार न झालेला कोणी नाही, आणि ज्या बँकेच्या दारावर त्या आहेत तिचे भागधारक मात्र कायद्याने जिवाचीच काय, भागाच्या रकमेपलीकडे एका पेनीचीही जोखीम घेत नसत.

हे उपहासाने लिहिले नाही. १८७८ साली सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली तेव्हा तिच्या अठराशेहून अधिक भागधारकांवर अमर्याद जबाबदारीची कुऱ्हाड कोसळली, आणि त्यांतील बहुतेक धुळीस मिळाले. विधवा होत्या, धर्मोपदेशक होते. त्या हाहाकारानंतर १८७९ च्या कायद्याने बँकांचा मर्यादित जबाबदारीकडे जाण्याचा मार्ग सुकर केला, आणि बहुतेक बँका त्या मार्गाने गेल्या. ते योग्यच झाले. आमचे म्हणणे एवढेच, की मालकाची जबाबदारी जसजशी आखूड होत गेली तसतशी भिंतीवरील नक्षी लांबत गेली. पुढे १८९८ ते १९०१ मध्ये नॉर्मन शॉने याच रस्त्यावर पार्स बँक बांधली, तेव्हा तिला संगमरवराचे आडवे पट्टे नि खिडक्यांभोवती तांबड्या भाजलेल्या मातीच्या चौकटी दिल्या. आत घुमटाखाली वर्तुळाकार दालन. शॉ मोठा कलावंत, परंतु या पट्ट्यांनी आमचे मन जिंकले नाही. दगड घालण्याऐवजी तो नेसविला आहे, असे वाटते.

वरील विधानाला अपवाद आहे आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. लंडनच्या बिशप्सगेटमध्ये जॉन गिब्सनने १८६५ साली नॅशनल प्रॉव्हिन्शियल बँकेचे दालन बांधले. ते खांबांनी नि शिल्पपटांनी नुसते गजबजलेले आहे, आणि त्या वेळी त्या बँकेची जबाबदारी अमर्यादच होती. तेव्हा नक्षीचे सारे माप कायद्याच्या गजाने घेता येत नाही. फॅशन नावाचीही एक सत्ता असते.

फॅशनच्या विरुद्ध गेलेला मनुष्य पाहावयाचा असेल तर पुन्हा कुक स्ट्रीटवर यावे. कॉकरेलच्या भिंतीपासून थोड्याच पावलांवर, १६ क्रमांकाची, पीटर एलिसची १८६६ सालची कचेरी आहे. जवळजवळ सारीच काच. दगड केवळ काचा धरण्यापुरता. दोन वर्षांपूर्वीच त्याने वॉटर स्ट्रीटवर ओरिएल चेंबर्स ही तशीच काचेची इमारत उभारली होती आणि समकालीन टीकाकारांनी तिची यथेच्छ टिंगल केली होती. आज शंभर वर्षे पुढे पाहणारा म्हणून त्याचा गौरव होतो. कापसाचा नमुना पाहणाऱ्या दलालाला उजेड हवा, तो एलिसने दिला. आणि तो कापूस त्या वर्षांत कोठला होता? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा माल बंद पडला, तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात लिव्हरपूलच्या धक्क्यावर मुंबईहून गासड्या येऊन पडत होत्या. खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीतून निघालेल्या बोंडांचा उजेडातला रंग पाहून येथे भाव ठरे, आणि त्या भावावर मुंबईत शेअरांचा जुगार चाले. १८६५ साली युद्ध संपले नि जुगार कोसळला. मुंबईची बँक ऑफ बाँबे त्यातून वाचली नाही. इकडे लिव्हरपुलात १८६६ च्या एप्रिलात बार्नेड्स बँक बुडाली आणि पाठोपाठ मे महिन्यात लंडनची ओव्हरएंड-गर्नी. त्या सर्व काळात कॉकरेलची भिंत जशी होती तशीच होती. मुंबईच्या त्या बुडालेल्या लोकांना तिचा काहीच उपयोग नव्हता, हेही खरे.

नगरभवनासमोर वॉटर स्ट्रीटवर मार्टिन्स बँकेची इमारत आहे. हर्बर्ट राउझने १९२७ ते १९३२ मध्ये ती बांधली. पोलादी सांगाड्यावर पोर्टलंडचा पांढरा दगड, आत वरून उजेड घेणारे भव्य दालन, आणि तपशिलात अमेरिकेची हवा. कारागिरी निर्दोष. परंतु आमचे लक्ष दारापाशी खिळले. तेथील कोरीवकामात आफ्रिकन मुले आहेत आणि त्यांच्या हातांत पैशाच्या पिशव्या. हेवुडांची ती साधी, घरगुती पेढी गुलामांच्या व्यापारात मिळविलेल्या पैशावर उभी होती. १८८३ साली ती बँक ऑफ लिव्हरपूलमध्ये गेली आणि त्या बँकेतूनच पुढे मार्टिन्स बँक झाली. १९३२ साली कोणी हे शहराचे वैभव म्हणून कोरले की अजाणता कबुलीजबाब दिला, याविषयी वाद आहेत. कबुलीजबाब देणाऱ्याचा हेतू काहीही असला तरी कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. आमच्या मते त्या मुलांना तेथून काढू नये. हेवुडांच्या साध्या भिंतीवर जे लिहिलेले नव्हते ते येथे लिहिले गेले आहे.

याच मार्टिन्सच्या तळघरात १९४० साली, जर्मन स्वारीच्या भीतीने, देशाच्या सोन्याचा मोठा साठा लंडनहून आणून ठेवला होता आणि तेथून तो कॅनडाला रवाना झाला. सोने नि भिंत यांची गोष्ट निघाली की गोव्याच्या माणसाला पणजी आठवल्यावाचून राहत नाही. बांको नासियोनाल उल्त्रामारिनोची गोव्यातील शाखा १८६८ सालची. तिच्याकडे गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने १९६१ साली, मुक्तीच्या आधी, लिस्बनला नेण्यात आले. ते परत यावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत ज्या मुलींच्या लग्नासाठी ते सोडवावयाचे होते त्यांच्या मुलींची लग्ने झाली. भिंत पणजीलाच होती.

ठेवीदाराच्या मनातील भीती दगडाने जात नाही, ती कायद्याने जाते, हे सरकारांना फार उशिरा कळले. आमच्याकडे १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि १९६१ साली ठेवविम्याचा कायदा झाला. इंग्लंडने तसा कायदा १९७९ साली केला. या एका बाबतीत शिष्याने गुरूला मागे टाकले. २००७ च्या सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांपुढे, इंग्लंडातील अनेक हाय स्ट्रीटांवर, भल्या पहाटेपासून ठेवीदारांच्या रांगा लागल्या. अर्थमंत्र्यांनी सर्व ठेवींची हमी दिली तेव्हा त्या मोडल्या. एक वाक्य पुरले. कॉकरेलचा काळ असता तर त्या वाक्याऐवजी खांब लागले असते, आणि रॉयल बँकेच्या उदाहरणावरून दिसते की ते पुरले नसते.

म्हणूनच आता बँका या वास्तू सोडून जात आहेत. २०१५ पासून ब्रिटनमध्ये सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. म्हाताऱ्या माणसांना, लहान दुकानदारांना त्यामुळे होणारा त्रास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आम्ही दगडाविषयी बोलतो आहोत. इंग्लंडच्या कायद्याने कॉकरेलची इमारत पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू ठरविली आहे. विशेष परवानगीवाचून तिच्या कलात्मक स्वरूपाला बाध येईल असा फेरफार करता येत नाही. परंतु कायदा संरक्षण देतो ते देहाला. आत कोणी काय करावे, हे निराळे नियम ठरवितात. आणि सप्टेंबर २०२० पासून त्या नियमांत बँक, दुकान नि उपाहारगृह यांना एकाच वर्गात घातले आहे. त्यामुळे बँकेचे कॉफीगृह करावयास उपयोगबदलाची परवानगी लागत नाही. ॲडेल्फी बँकेचे कॉफीगृह त्याच्याही आधी झाले होते. अकिलीस नि पॅट्रोक्लस यांच्यामधून जाऊन आम्ही तेथे कॉफी घेतली. चांगली होती. भाच्याने खिशातून फोन काढून यंत्राला टेकविला, की पैसे चुकते. त्या सगळ्या व्यवहारात एका नाण्याचाही आवाज झाला नाही.

याला आमची तक्रार नाही. मोकळ्या वास्तूपेक्षा नांदती वास्तू केव्हाही बरी. कॉकरेलच्या इमारतीने मोकळेपण सोसलेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बँक ऑफ इंग्लंड तेथून गेली. पुढे ती रिकामी असताना, २०१५ च्या एप्रिलात, काही तरुण कार्यकर्ते आत शिरले. बेघरांना तेथे अन्न नि आसरा द्यावा, असा त्यांचा उद्देश होता. मालकाने न्यायालयाकडून ताब्याचा हुकूम मिळविला, मे महिन्यात पोलिसांनी त्यांना बाहेर काढले आणि त्यांतील काहींना पुढे कारावास झाला.

त्या खटल्यात मालकाच्या बाजूने उभे राहण्यास आम्हांस कोणताही संकोच वाटला नसता, आणि हुकूम जो झाला तोच व्हावयास हवा होता, असे आमचे कायद्याचे मत आहे. पण टीकाकार म्हणून एक गोष्ट नोंदवितो. त्या तरुणांना शहरात रिकाम्या जागा पुष्कळ मिळाल्या असत्या. त्यांनी नेमकी ही निवडली. राजकारण तर त्यात होतेच, बँक या शब्दाविषयीचा त्या वर्षांतला रागही होता. परंतु या भिंतीकडे पाहिल्यावर आत काहीतरी सुरक्षित आहे असे वाटते. कॉकरेलने ती तशी वाटावी म्हणूनच रचली, आणि १८४८ सालच्या कापूसदलालाला जे वाटले तेच २०१५ सालच्या बेघराला वाटले असेल तर रचना फसली असे कोणाला म्हणता येणार नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तेथे गेलो. उन्हाळ्यात तिकडे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. उतरते ऊन मावळतीकडून कॅसल स्ट्रीटवर येत होते आणि खांबांच्या कडा, ज्या सकाळी बोथट वाटल्या होत्या, त्या आता धारदार दिसत होत्या. भाचा घड्याळ पाहू लागला. आम्ही त्याला म्हटले, कुक स्ट्रीटची बाजू राहिली आहे, तेवढी पाहून येतो.